भेसळीचा तांदूळ आणि उड्या मारणारं मढं

आमच्या घरात रात्री साडेनऊनंतर टीव्हीवर कोणी काय बघायचं हा तंटा गेल्या पावसाळ्यात कायमचा मिटला. मिटवला तो एका मेलेल्या चिनी म्हाताऱ्याने.

बायको आणि मुलगी लग्नाला नाशिकला गेल्या होत्या. आई सोफ्यावर परात घेऊन तांदूळ निवडत बसली होती. या निवडण्याला आता तसा काही अर्थ उरलेला नाही. पाकिटातल्या तांदळात खडा सापडत नाही आणि त्याबद्दल ती पाकीटवाल्यांवर नाराज आहे. मी आवाज बारीक करून ‘मिस्टर व्हॅम्पायर’ लावला. बारीक अशासाठी, की कोणी घरच्यांपासून सिगारेट लपवतं, कोणी शेअर बाजारातलं नुकसान लपवतं, मी हाँगकाँगचे भुताचे सिनेमे लपवतो. बँकेत बऱ्या हुद्द्यावर असलेला, पन्नाशी उलटलेला माणूस रात्री रबरी आतडी बघत बसतो, हे सोसायटीत कळलं तर खजिनदारपद जाईल.

तेवढ्यात जुन्या चिनी अंमलदाराचा झगा आणि गोल टोपी घातलेलं एक मढं, दोन्ही हात समोर ताठ धरून, पाय जोडून, टुणटुण उड्या मारत पडद्यावर आलं.

आईने चष्म्यावरून बघितलं.

“हा उड्या का मारतोय?”

“मेलाय तो.”

“ते दिसतंय मला. उड्या का मारतोय?”

“मेल्यावर अंग ताठरतं ना. गुडघेच वाकत नाहीत, मग चालणार कसा?”

आईने क्षणभर विचार केला. “बरोबर आहे,” ती म्हणाली आणि परात घेऊन माझ्या बाजूला सरकली.

या ‘बरोबर आहे’चा मी पुढे बरेच दिवस विचार करत होतो. विलायती भुताला धरबंध नसतो. ते आरशातून येतं, फोनमधून येतं, भिंत फोडून येतं, आणि त्याला काय केल्याने आळा बसेल हे लेखकालाही ठाऊक नसतं. हाँगकाँगचं भूत नियमाने वागतं. या उड्या मारणाऱ्या मढ्याला मँडरिनमध्ये जिआंगशी म्हणतात, कँटोनीजमध्ये गोंगसी. त्याला दिसत नाही, माणसाचा श्वास तेवढा कळतो, म्हणून ते जवळ आलं की नाक दाबून उभं राहायचं. मंत्र लिहिलेला पिवळा कागद कपाळाला चिकटवला की ते जागच्या जागी थांबतं. कागद वाऱ्याने उडाला की पुन्हा कामाला लागतं. अंमलदाराचा पोशाख, ताठर अंग आणि कागद चिकटला की सगळं ठप्प: असे तीन-चार जण माझ्या परिचयाचे आहेत आणि ते अजून जिवंत आहेत.

उड्यांमागची लोककथाही सांगण्यासारखी आहे. परमुलखात मेलेला माणूस आपल्या गावच्या मातीतच पुरला गेला पाहिजे, नाहीतर त्याला शांती नाही. पण प्रेत नेणार कसं? गाडीभाडं कुठून आणायचं? मग हुनान प्रांताच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात म्हणे असे मांत्रिक होते, की जे रात्रीच्या वेळी प्रेतांची रांग लावून त्यांना त्यांच्याच पायांनी गावी पोचवायचे. शंकेखोर लोक सांगतात, की दोन लांब बांबूंना प्रेतं उभी बांधत, पुढे एक माणूस, मागे एक माणूस, आणि बांबू लवला की अंधारात लांबून प्रेतं उड्या मारल्यासारखी दिसत. काही का असेना, भाडं परवडत नाही म्हणून स्वतःच्या पायांनी घरी निघालेला मुडदा ही कल्पना मला फार जवळची वाटते. १९८० साली सॅमो हंगने ‘एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड’मध्ये त्याला कुंग-फूच्या आखाड्यात उतरवलं आणि १९८५मध्ये त्याच्याच निर्मितीत रिकी लाउने ‘मिस्टर व्हॅम्पायर’ काढला. जोडलेल्या भुवयांचा लाम चिंग-यिंग त्यात मांत्रिक झाला आणि मग मरेपर्यंत, म्हणजे १९९७पर्यंत, लोकांनी त्याला दुसरं काही फारसं होऊ दिलं नाही.

तर आई बघत होती. या म्हाताऱ्याला वीस वर्षांपूर्वी पुरलेलं असतं, पण ज्योतिष्याने खुन्नस काढायला मुद्दाम चुकीची जागा दाखवलेली असते, त्यामुळे प्रेत कुजलेलंच नसतं. “मेला ज्योतिषी!” आई म्हणाली. शवपेटी ठेवतात मांत्रिकाच्या घरी. पेटीवर सुताराच्या दोरीने शाईच्या रेघा मारायच्या, की आतलं मढं बाहेर येत नाही. हे काम मांत्रिकाचे दोन शिष्य करतात. शिष्यच ते, चारी बाजूंनी मारतात, वरून मारतात आणि पेटीच्या तळाला मारायचं विसरतात. म्हातारा रात्री बाहेर. यावर आई काहीच बोलली नाही. पुढे एका शिष्याला म्हाताऱ्याची नखं लागतात. त्यावर उतारा काय, तर चिकट तांदूळ. ते पसरून त्यावर नाचायचं, त्याने अंगातलं विष उतरतं. दुसरा शिष्य तांदूळ आणायला जातो आणि वाणी त्याला चिकट तांदळात साधा तांदूळ मिसळून देतो.

आईचा हात परातीत थांबला.

“भेसळ केली?”

“हो.”

“औषधाच्या तांदळात?” तिचा आवाज चढला. “त्या पोराला विष चढलंय आणि हा मेला भेसळ करतोय? त्याला खा म्हणावं आधी!”

रक्त पिणाऱ्या, नखं वाढलेल्या, वीस वर्षं जुन्या मढ्याकडे तिने काणाडोळा केला होता. तो बिचारा मेल्यामुळे तसा वागत होता. वाण्याला मात्र तिने शेवटपर्यंत क्षमा केली नाही. सिनेमा संपल्यावर पहिला प्रश्न आला, “त्या वाण्याचं काय झालं?” मला सांगता आलं नाही. मी हा सिनेमा पाचेक वेळा बघितला असेल, आणि मला वाण्याची आठवणसुद्धा राहिली नव्हती.

आणखी एका गोष्टीने तिचं मन जिंकलं. कँटोनीज माणूस दचकला, वैतागला, लाजला, की ‘आय्या!’ म्हणतो. सहा सुरांत बोलली जाणारी ती भाषा दीड तास कानांवरून गेली, त्यात एवढा एकच शब्द आपल्या माजघरातला. “बघ,” आई म्हणाली, “माणसं चांगल्या घरातली आहेत.”

इथे एक कबुली द्यायला हवी. ‘मिस्टर व्हॅम्पायर’ हा वाईट सिनेमा नाहीच. बांधीव, चपळ, पोट धरून हसवणारा सिनेमा आहे. माझं खरं प्रेम आहे त्याच्या ओवाळून टाकलेल्या चुलतभावांवर. आणि या प्रेमाचं मूळ चाळीतल्या गणपतीत आहे.

तेव्हा वर्गणीतून एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने यायचा. पहिली कॅसेट पौराणिक, म्हणजे वडीलधारे खूश. दुसरी हिंदी. तिसरी लागायची मध्यरात्रीनंतर, बायका-मुलं झोपायला गेल्यावर, आणि ती निवडायचा कॅसेटवाला. हाँगकाँगहून आलेल्या सगळ्याच मालाला त्याच्याकडे एकच नाव होतं, ‘कराटे’. त्या रात्रीच्या ‘कराटे’त सुरुवातीला खरोखरच मुष्टियुद्ध होतं. हाँगकाँगच्या खेळाडूला थायलंडचा धटिंगण नियम मोडून लोळवतो, भाऊ बदला घ्यायला थायलंडला जातो. इथवर ठीक. अर्ध्या तासाने त्या भावाचं मुंडन झालं आणि तो बौद्ध भिक्षू झाला. मग काळी जादू करणारे आले. एकाने काहीतरी चावून थुंकलं, ते दुसऱ्याने चावलं, मग तिसऱ्याने. एका मांत्रिकाचं मुंडकं धडापासून सुटलं आणि मागे आतडी लोंबकळवत उडायला लागलं. मग मगरीचं पोट फाडून त्यात एका बाईचं प्रेत भरून वरून टाके घातले. मंडळाच्या कार्यकर्त्यांच्या हातात त्या वेळी प्रसादाच्या शिऱ्याचे द्रोण होते. ते कोणी संपवले नाहीत. पण उठूनही कोणी गेलं नाही.

पुढे कित्येक वर्षांनी कळलं, की तो १९८३चा ‘द बॉक्सर्स ओमन’. शॉ ब्रदर्ससारख्या बड्या कंपनीचा, दिग्दर्शक क्वेई चिह-हुंग. या गृहस्थांनी त्यानंतर लवकरच सिनेमा सोडला, अमेरिकेत स्थलांतर केलं आणि पिझ्झाचा धंदा केला. त्यांच्याकडे पिझ्झा खाणाऱ्यांना मालकाचा पूर्वेतिहास माहीत होता की नाही, ही शंका मला अधूनमधून रात्री छळते.

आता असले सिनेमे आवडतात म्हणजे नेमकं काय आवडतं? आमचा एक फिल्म सोसायटीवाला मित्र म्हणतो, की तू त्यांना हसतोस, म्हणजे तू मनातून स्वतःला शहाणा समजतोस. थोडं खरं असेल. पण हसण्यासाठीच बघायचं तर नुकताच आलेला एखादा दोनशे कोटींचा ऐतिहासिक सिनेमा पुरे आहे, आणि तिथे मला हसू येत नाही, झोप येते. माझ्या मते वाईट सिनेमाच्या दोन जाती आहेत: कंजूष आणि आग्रही. कंजूष सिनेमा म्हणजे हल्लीच्या लग्नातला बुफे. झुंबरं, कारंजी, चांदीच्या वर्खाचं ताट आणि पदार्थांना चव नाही. हाँगकाँगचा सिनेमा म्हणजे जुन्या पंगतीतला वाढपी. मसालेभातावर मठ्ठा सांडेल, जिलबी कोशिंबिरीत पडेल, तुम्ही पानावर आडवा हात धरून नको नको म्हणाल, तरी तो हाताच्या फटीतून आणखी दोन टाकणारच. वाढण्याचं तंत्र वाईट आहे, पण उपाशी उठलात तर त्याला झोप लागणार नाही.

हा आग्रह कुठून आला, तर मध्यरात्रीच्या खेळातून. हाँगकाँगमध्ये नवा सिनेमा रीतसर लागण्याआधी मध्यरात्री दाखवायची पद्धत होती. दिग्दर्शक, निर्माते प्रेक्षकांत येऊन बसत. पब्लिक बिलंदर. कंटाळा आला की पडद्याशी भांडायचं, शिव्या घालायचं, आणि त्यावरून पुढच्या काही दिवसांत सिनेमाची काटछाट व्हायची. एवढं ऐकल्यावर कोण शांत, तरल प्रसंग ठेवायच्या भानगडीत पडेल? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साडेअकरा हजार किलोमीटरवरच्या हॉलिवूडशी टक्कर घेत ते एवढंसं शहर वर्षाला दोनशेच्या वर सिनेमे काढत होतं. शूटिंग बिनआवाजी, बोलणं मागाहून स्टुडिओत चिकटवायचं. त्यामुळे ओठ आणि शब्द यांची भेट झाली तर योगायोगाने.

आईला मी पुढच्याच आठवड्यात ‘द स्टोरी ऑफ रिकी’ दाखवला. आधी रीतसर बजावलं, की हा तिसऱ्या वर्गातला आहे. हाँगकाँगमध्ये १९८८ साली सिनेमांचे वर्ग पाडले, त्यातला तिसरा फक्त अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी. आई म्हणाली, “माझी चारदा झालीत.”

१९९१चा हा सिनेमा लाम नाय-चोयचा, मूळ जपानी चित्रकथेवरचा. भविष्यकाळात, म्हणजे २००१मध्ये, सगळे तुरुंग खासगी कंपन्यांकडे गेले आहेत. फान स्यू-वाँग नावाचा कोवळा, राजबिंडा पोरगा तुरुंगात येतो. दारातलं धातुशोधक यंत्र वाजायला लागतं, कारण त्याच्या छातीत पाच गोळ्या आहेत आणि त्या त्याने आठवण म्हणून ठेवल्या आहेत. उपअधीक्षकाचा एक डोळा काचेचा आहे आणि तो आत पेपरमिंटच्या गोळ्या ठेवतो. हे सगळं पहिल्या काही मिनिटांत उरकतं, म्हणजे पुढच्या वाढपाची कल्पना यावी. मारामारीत एक जण सुऱ्याने रिकीच्या दंडातल्या शिरा कापतो. हात लुळा पडतो. रिकी काय करतो? दुसऱ्या हाताने आणि दातांनी त्या शिरा ओढून त्यांची गाठ मारतो आणि पुन्हा लढायला उभा राहतो.

“नाडी ओवल्यासारखी,” आई म्हणाली. तिला त्यात वावगं काही दिसलं नाही. तुटलं तर गाठ मारावी, हे तिने आयुष्यभर केलंय. त्याच मारामारीत प्रतिस्पर्धी स्वतःचं पोट फाडतो आणि स्वतःच्याच आतड्याने रिकीचा गळा आवळतो. इतका जीव तोडून काम करणारा नोकर खासगी कंपनीला कसा मिळाला, एवढंच मला कोडं आहे. शेवटी अधीक्षकाचा राक्षस होतो, त्याला रिकी खिमा करायच्या यंत्रात घालतो, मग तुरुंगाच्या भिंतीला एक बुक्की मारतो, भिंतीला भगदाड पडतं आणि सगळे कैदी मोकळे होतात.

आई बराच वेळ गप्प होती. “अरे, मग हे पहिल्याच दिवशी का नाही केलं?”

तीस वर्षं जगभरचे रसिक याच प्रश्नाशी येऊन थांबले आहेत. मी तिला तसं सांगितल्यावर ती सुखावली.

दिग्दर्शक गॉडफ्री होची ओळख आईला करून द्यायला मला सिनेमाचं तंत्र समजावून सांगावं लागेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. हे सद्गृहस्थ आणि त्यांचे निर्माते आशियातल्या कुठल्या तरी देशातला जुना, पडून राहिलेला सिनेमा स्वस्तात उचलत. मग चार गोऱ्या नटांना भडक रंगाचे निन्जा-वेष चढवून हाँगकाँगच्या एखाद्या बागेत दोन दिवस मारामाऱ्या चित्रित करत आणि दोन्हीची सरमिसळ करून तिसराच सिनेमा तयार होई. जुन्या सिनेमातला माणूस आणि नव्या तुकड्यातला माणूस कधी भेटू शकत नसत, म्हणून ते फोनवर बोलत. ‘निन्जा टर्मिनेटर’मध्ये रिचर्ड हॅरिसन हा इटालियन सिनेमे गाजवलेला नट अत्यंत गंभीर चेहऱ्याने ज्या फोनवर बोलतो, तो फोन गारफील्ड नावाच्या कार्टूनमधल्या केशरी मांजराच्या आकाराचा आहे. १९८८च्या ‘रोबो व्हॅम्पायर’मध्ये अमली पदार्थांचे तस्कर माल राखायला उड्या मारणारी मढी ठेवतात, मेलेल्या पोलिसाला शास्त्रज्ञ यंत्रमानव करतात, आणि एका मढ्यावर एका भुतिणीचं प्रेम असतं.

“गोधडी आहे,” आई म्हणाली. “तुझ्या बाबांचा लेंगा, माझं पातळ, मावशीचा परकर. ऊब येते ना? झालं तर.”

सबटायटल ही आणखी वेगळी मौज. १९६३पासून ब्रिटिश सरकारने हाँगकाँगमधल्या सिनेमांना इंग्रजी सबटायटलं सक्तीची केली, म्हणजे साहेबाला कळावं की आपल्याविरुद्ध कोणी काही बोलत तर नाही ना. ती लिहायचं काम ज्याला दोन दिवसांत, चार पैशांत मिळायचं, त्याच्या इंग्रजीने नंतर जगभर भक्त मिळवले. मरणारा माणूस, आपल्याला अशा पद्धतीने मारलं गेल्याबद्दल आपण अत्यंत असमाधानी आहोत, असं कळवतो. दुसरा कोणी खडसावतो, की इथे येऊन मारलं जायची तुझी हिंमत कशी झाली? मला पहिलं वाक्य वाचताना प्रत्येक वेळी आमच्या शाखेतली तक्रार-वही आठवते. आईला इंग्रजी वाचता येत नाही, तेव्हा मी मराठीत सांगत जातो, आणि प्रामाणिकपणे कबूल करतो, की काही ठिकाणी मी त्या अनामिक भाषांतरकाराशी स्पर्धा केली आहे.

‘माइटी पेकिंग मॅन’ मी घरी मोठ्या थाटात लावला, कारण त्याचं शूटिंग आपल्याकडे, म्हैसूरला झालेलं आहे. १९७६मध्ये अमेरिकेत नवा ‘किंग काँग’ आला, म्हणून शॉ ब्रदर्सने लगबगीने १९७७मध्ये आपला महाकाय वानर उभा केला. दिग्दर्शक हो मेंग-ह्वा, नायक डॅनी ली. प्रेयसीने दगा दिल्यामुळे नायक दुःख विसरायला हिमालयाच्या पायथ्याशी येतो. तिथे विमान-अपघातातून वाचलेली, वानराने वाढवलेली, कातड्याच्या चिंध्या नेसलेली सोनेरी केसांची तरुणी असते. ती बिबट्याशी खेळते. पुढे सगळी वरात हाँगकाँगला जाते आणि वानर गोल गोल खिडक्यांच्या कॉनॉट सेंटरवर चढतो. आई १९७६-७७च्या सुमारास सहलीबरोबर म्हैसूरला गेली होती. सिनेमाभर तिचं वानराकडे लक्षच नव्हतं. ती मागच्या गर्दीत आमच्या देशपांडे मावशी दिसतात का ते शोधत होती.

अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी १९९९मध्ये या वानराला तीन तारे दिले आणि त्याच परीक्षणात एक जुनं पापही फेडलं. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी शॉ ब्रदर्सच्या ‘इन्फ्रा-मॅन’ला अडीच तारे दिले होते, पण त्यानंतर एक महिना असा गेला नाही की तो सिनेमा आठवला नाही, असं म्हणून त्याचे त्यांनी तीन केले. मला हा समीक्षेच्या इतिहासातला फार सभ्य क्षण वाटतो. त्या सिनेमाचा नायकही डॅनी लीच. मधल्या काळात हाच माणूस ‘ऑइली मॅनियॅक’मध्ये तेलाचा राक्षस होऊन जमिनीवरून ओघळत गेला होता.

आणि हाच डॅनी ली १९९३च्या ‘द अनटोल्ड स्टोरी’त पोलीस अधिकारी आहे. इथे माझं हसू जरा अडकतं. १९८५मध्ये मकावात एका उपाहारगृहाच्या मालकाच्या कुटुंबासह १० माणसं मारली गेली. मारलेल्यांचं मांस पावात घालून विकलं, ही गावातली अफवा. सिद्ध कधीच झाली नाही. हर्मन याऊने अफवेचाच सिनेमा केला. एक प्रसंग बाष्कळ विनोदाचा, त्यात पोलीस तेच पाव मिटक्या मारत खातात, आणि पुढचा प्रसंग असा की दिवा लावून बसावं. खुन्याच्या कामासाठी अँथनी वाँगला हाँगकाँगच्या फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, आणि तो रास्त होता. याऊने पुढे सेन्सॉरशिपवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. हा सिनेमा मी आईला दाखवला नाही. मेलेल्यांची नावं खरी आहेत, म्हणून. ज्यांत खरे साप, खऱ्या गोमा वापरल्या आहेत तेही मी आता लावत नाही. रबर हवं. रबरात माणुसकी आहे.

फिल्म सोसायटीवाला मित्र एका रविवारी पोहे खायला आला आणि आईला उड्या मारणाऱ्या मढ्याचा खरा अर्थ सांगायला लागला. १९८४ साली करार झाला, की १९९७मध्ये हाँगकाँग चीनच्या ताब्यात जाणार. पुढच्याच वर्षी ‘मिस्टर व्हॅम्पायर’. जुन्या चिनी साम्राज्याच्या गणवेशातलं, न थांबणारं, न ऐकणारं मढं दाराशी येतंय, याचा अर्थ काय? घाबरलेल्या शहराचं अबोध मन, दुसरं काय! त्याचं म्हणणं खोटं नाही. त्या शहरातल्या लोकांच्या पोटात तेव्हा खरोखर गोळा आला होता, आणि कित्येकांनी बाडबिस्तरा बांधून कॅनडा गाठला. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“असेल,” ती म्हणाली. “आणि मग तांदूळ?”

मित्राने आणखी पोहे घेतले.

शॉ ब्रदर्सचा सगळा जुना साठा २००० साली एका कंपनीने विकत घेतला आणि साडेसातशेच्या वर सिनेमे धुऊनपुसून नवे केले. आता ‘बॉक्सर्स ओमन’मधलं मगरीचं कातडं इतकं लख्ख दिसतं, की कुठे रबर संपतं आणि कुठे डिंक सुरू होतो ते बोट ठेवून दाखवावं. बाबूराव पेंटरांच्या कितीतरी मूकपटांची फूटभर रीळ आपल्या हाती राहिलेली नाही, आणि इकडे थुंकलेल्या घासाचा कणन् कण जतन झालाय. मी चिडलो पाहिजे. चिडतोही. मग त्याच सिनेमाचा डबा उघडून तबकडी लावतो.

परवा रात्री पाण्याला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा. आई ओट्यापाशी वाकून तांदळाच्या डब्याभोवती मुंग्यांच्या खडूने रेघ ओढत होती. चारी बाजूंनी ओढली, झाकणावरून ओढली. मग कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

“ये, डबा आडवा धर जरा,” ती म्हणाली. “तळाला राहिली.”